ब्रेक ऑइल वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे: मोटरसायकलसाठी पूर्ण पद्धत

डिस्क ब्रेकच्या मोटरसायकलला उजव्या हँडलवर ब्रेक ऑइलची छोटी डबी असते. तिच्या झाकणावर साधारण दोन सूचना कोरलेल्या सापडतात: उघडण्याआधी झाकण पुसा, आणि फक्त सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा. झाकण जेमतेम दोन बोटं रुंद, तरी कंपनीने त्यावर नेमकं एवढंच लिहायचं ठरवलं. कारण ब्रेक ऑइलचे शत्रू दोनच, कचरा आणि दमट हवा. कचरा झाकण उघडल्यावरच आत जातो. दमटपणा झाकण बंद असतानाही जातो, आणि म्हणूनच हे ऑइल बदलावं लागतं.

किती दिवसांनी? दर दोन वर्षांनी. गाडी वीस हजार किलोमीटर पळालेली असो की दोन हजार. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइलला किलोमीटरबरोबर किंवा किलोमीटरऐवजी वर्षांचा आकडा दिलेला असतो, तो यामुळेच. कोकणपट्टीत, मुंबईत किंवा गोव्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदललं तरी ते वाया गेलं असं समजू नका. टाकी फुल करायला जेवढे पैसे लागतात त्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात हे काम होतं.

ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही

गोंधळाची सुरुवात नावापासून होते. सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, त्यामुळे इंजिन ऑइलसारखंच काहीतरी असणार असं वाटतं. प्रत्यक्षात डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल इथर या जातीची द्रवं आहेत. तेल पाण्याला दूर ठेवतं, हे द्रव पाणी ओढून घेतं. पाणी ओढणं हा त्याचा दोष नाही, तो मुद्दाम ठेवलेला गुण आहे. आत शिरलेलं पाणी द्रवात विरघळलं नसतं तर त्याचे थेंब सगळ्यात खाली, म्हणजे कॅलिपरमध्ये (चाकाजवळचा, पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग), जाऊन बसले असते. तिथेच ब्रेक सर्वांत जास्त तापतो. ते थेंब शंभर अंशांना उकळले असते आणि तोवर पिस्टनला गंज लावत राहिले असते.

पाणी येतं कुठून? रबरी होजच्या भिंतीतून, डबीच्या झाकणाखालच्या रबरी पडद्याच्या कडेने आणि सीलच्या आसपासच्या फटींतून हवेतली वाफ हळूहळू झिरपते. गाडी धुतली किंवा पावसात भिजली म्हणूनच पाणी शिरतं असं नाही. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीतही शिरतं.

आता आकडे पाहू. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असायला हवा, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६०. हेच द्रव जवळपास पावणेचार टक्के पाणी पिऊन बसलं की मानकातला किमान आकडा डॉट ३ साठी १४०, डॉट ४ साठी १५५ आणि ५.१ साठी १८० वर येतो. म्हणजे डॉट ४ च्या हातातून तब्बल ७५ अंश गेले. रोजच्या बाजारहाटीत हा फरक कळत नाही, पण घाटात कळतो. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना मागे माणूस आणि सामान असेल आणि उजवा पाय पेडलवरून उचललाच जात नसेल, तर मागची डिस्क सतत घासत राहते. पॅडची उष्णता पिस्टनमधून ऑइलमध्ये उतरते, ऑइलमधलं पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग तुम्ही पेडल दाबता तेव्हा जोर बुडबुडे चेपण्यातच संपतो, पॅडपर्यंत पोचतच नाही. पेडल तळाला जातं आणि गाडी तशीच पुढे जाते.

यातली फसवी गोष्ट अशी, की अर्धा तास थांबलात की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक पूर्वीसारखा घट्ट लागतो. गॅरेजमध्ये दाखवलंत तर मिस्त्री म्हणतो, सगळं ठीक आहे. त्या क्षणी ते ठीकच असतं.

दुसरं नुकसान सावकाश होतं. ऑइलमध्ये गंजरोधक रसायनं मिसळलेली असतात आणि वर्षागणिक ती संपतात. त्यानंतर कॅलिपरच्या सीलच्या खाचेत पांढरट क्षार साचतो, पिस्टनवर बारीक खड्डे पडतात आणि पिस्टन अडकायला लागतो. एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत हेच ऑइल मॉड्युलेटरमधल्या, म्हणजे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागातल्या, बारीक व्हॉल्व्हमधून फिरतं. तो भाग बिघडला तर सहसा दुरुस्त न करता अख्खाच बदलतात, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. म्हणजे हा मुद्दा आता फक्त महागड्या गाड्यांपुरता उरलेला नाही.

रंग पाहून ठरवू नका. ताजं ऑइल पाण्यासारखं किंवा फिक्या मधासारखं दिसतं, जुनं चहासारखं होतं. काळं पडलेलं ऑइल बदलायचंच, यात शंका नाही. पण फिकं दिसतं म्हणून ते चांगलं, असा उलटा हिशेब चालत नाही, कारण पाण्याला रंग नसतो. बाजारात मिळणारी पेनसारखी टेस्टर यंत्रं ढोबळ अंदाज देतात. शिवाय ती वरच्या डबीतलं ऑइल मोजतात, आणि खरी झीज खाली कॅलिपरमध्ये झालेली असते.

पातळी का उतरते

सर्व्हिसिंगला गाडी दिली की बिलावर 'ब्रेक ऑइल टॉप-अप' असं लिहून येतं आणि आपलं समाधान होतं. हा बदल नाही. डबीत चमचाभर नवं ऑइल पडतं, कॅलिपरमधलं जुनं तिथेच राहतं.

मुळात पातळी उतरते कशाने? ब्रेक पॅड झिजले की पिस्टन तेवढे बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला ऑइल खाली जातं. म्हणून पातळी उतरलेली दिसली तर आधी पॅड पाहा. ते झिजले असतील तर पातळी उतरणारच, ती गळती नव्हे. अशा वेळी वरून भरून ठेवलं आणि पुढच्या महिन्यात नवे पॅड बसवले, की पिस्टन मागे ढकलल्यावर जादा ऑइल डबीतून बाहेर येऊन टाकीच्या रंगावर सांडतं. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल, तर मात्र कॅलिपरचे सील, बँजो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) आणि लिव्हरच्या बुडाशी असलेलं रबरी बूट तपासा. बूट हळूच उलटून पाहा. आत ओल दिसली तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हरच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचं, सीलचं किट संपलं आहे.

काय आणायचं

झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ च आणा. डॉट ३ ची शिफारस असलेल्या आजच्या गाडीत डॉट ४ घातलेलं चालतं, उलट करू नका. डॉट ५.१ ग्लायकॉलचंच आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे. नाव सारखं वाटतं, पण ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएससाठी योग्य नाही. ते हातात घेऊ नका. इंजिन ऑइल, फोर्क ऑइल किंवा दुसरं कुठलंही खनिज तेल चुकून पडलं तर रबरी सील फुगतात आणि मग होज, सील, कॅलिपरचं किट असं सगळंच बदलावं लागतं. काही गाड्यांचा क्लचही हायड्रॉलिक असतो. त्यात बहुतेक वेळा ब्रेक ऑइलच असतं, पण काहींत खनिज तेल असतं, तेव्हा त्याही डबीचं झाकण वाचा.

पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक मिळून २५० मिलीची बाटली पुरते. ५०० मिलीची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. सील फोडल्यावर उरलेलं ऑइल बाटलीतही पाणी ओढतच राहतं. गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघडी बाटली दिसली तर आपली सीलबंद बाटली सोबत न्या आणि ती समोर फोडायला सांगा.

बाकी सामान साधं आहे. निपलला (कॅलिपरवरचा, ऑइल बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) बसणारा रिंग पाना (बहुतेक ८ मिमी, काहींना ७, १० किंवा ११), चांगल्या टोकाचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, २० मिलीची सिरिंज, फिश टँकला लावतात ती पारदर्शक नळी हातभर, रिकामी बाटली, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, सुती फडकी. आणि बादलीभर पाणी. ब्रेक ऑइल रंग खातं, पण ते पाण्यात विरघळतं. टाकीवर थेंब पडला तर फडक्याने पुसत बसू नका, आधी मगभर पाणी ओता.

पुढचा ब्रेक

कोरड्या दिवशी काम काढा. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर उभी करा आणि डबी आडवी, सपाट येईल असं हँडल फिरवून ठेवा. टाकीवर जाड ओलं फडकं पसरा.

डबी उघडण्याआधी खाली जा आणि कॅलिपरचं निपल सुटतं का ते पाहा. हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षं न उघडलेलं निपल गंजून बसलेलं असतं. उघड्या तोंडाचा पाना लावून जोर केलात तर त्याच्या कडा गोल होतात किंवा ते मुळातून तुटतं. रबरी टोपी काढा, आसपासची माती ब्रशने झाडा, रिंग पाना नीट खोल बसवा आणि पान्यावर हातोडीच्या दांड्याने हलके ठोके देत सोडवा. सुटलं की लगेच पुन्हा बंद करा. सुटतच नसेल तर इथेच थांबा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. निपल तुटल्यावर नेण्यापेक्षा हे परवडतं.

आता डबी. तिचे दोन छोटे स्क्रू मऊ असतात आणि त्यांचं डोकं लगेच घासतं. ड्रायव्हर खाचेत उभा धरा, मागून एक ठोका द्या, मग दाबून फिरवा. झाकण, त्याखालची प्लॅस्टिकची चकती आणि घडीचा रबरी पडदा काढून स्वच्छ फडक्यावर ठेवा. सिरिंजने जुनं ऑइल ओढून घ्या. तळाशी चॉकलेटी गाळ असेल तर तंतू न सुटणाऱ्या फडक्याने टिपून घ्या, तो खाली ढकलू नका. तळाशी दोन भोकं दिसतील. त्यांतलं एक सुईच्या टोकाएवढं बारीक असतं. ब्रेक सोडल्यावर दाब परत येतो तो याच भोकातून. त्यात गाळ बसला की ब्रेक अर्धवट धरून राहतो.

डबी नव्या ऑइलने वरच्या खुणेपर्यंत भरा आणि झाकण नुसतं वर टेकवून ठेवा. उघडं ठेवलंत तर लिव्हर सोडताना त्या बारीक भोकातून कारंजं उडतं, थेट डोळ्याच्या दिशेने.

निपलवर पाना चढवा, त्यावरून नळी बसवा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलखाली बुडवा. मग एकाने लिव्हरवर आणि दुसऱ्याने पान्यावर असं काम करा:

लिव्हर सावकाश दाबा आणि दाबून धरा. निपल पाव फेरा उघडा, ऑइल नळीत येईल आणि लिव्हर आत जाईल. लिव्हर आत असतानाच निपल बंद करा. मगच लिव्हर सोडा.

'दाब, धर, बंद, सोड' असं मोठ्याने म्हणत केलंत तर चूक होत नाही. बंद करण्याआधी लिव्हर सुटला तर निपलच्या आट्यांमधून हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

लिव्हर पार हँडलला टेकेपर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज ठरावीक अंतरच सरकतो. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला, कधी गंजाच्या खरखरीने भरलेला असतो. सील तिथवर नेलं तर त्याची कड फाटते आणि धडधाकट ब्रेक ऑइल बदलल्यानंतर बिघडतो. लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये अंगठ्याएवढा लाकडाचा तुकडा ठेवा, प्रश्न मिटला.

दर सात-आठ दाबांनंतर डबीत डोकावा आणि भर घाला. डबी रिकामी झाली तर वरून हवा शिरते. नळीतून आधी चहासारखं, मग फिकं होत जाणारं ऑइल येईल. नवं आणि जुनं नळीत शेजारी दिसतं तो क्षण स्पष्ट कळतो. त्यानंतरही दहा-बारा दाब सोडा, कारण कॅलिपरच्या कोपऱ्यात जुनं साचून राहतं. पुढच्या ब्रेकला साधारण ६० ते ८० मिली लागतं. दोन कॅलिपर असतील तर दोन्हींतून काढा.

निपल घट्ट करताना जोर लावू नका. अनेक गाड्यांना ते सुमारे ६ न्यूटन-मीटर एवढंच आवळायचं असतं, म्हणजे छोटा पाना आणि मनगटाचा हलका झटका. रबरी टोपी परत लावायला विसरू नका. टोपी नसलेल्या निपलच्या भोकात पावसाचं पाणी साचतं आणि पुढच्या वेळी तेच निपल तुटतं. डबीतली पातळी वरच्या खुणेवर आणा, तिच्या वर नको. रबरी पडदा खाली लोंबला असेल तर बोटाने दाबून मूळ घडीत आणा, मग झाकण बसवा.

मागचा ब्रेक आणि एबीएस

मागे पद्धत तीच, फक्त लिव्हरऐवजी पेडल आणि डबी बहुधा बाजूच्या पॅनेलखाली. वाट छोटी असल्याने ४०-५० मिलीत काम होतं. मागचं ऑइल पुढच्यापेक्षा बहुधा जास्त काळं निघतं, कारण पायाला ब्रेकवर टेकून राहायची सवय असते. वेळ नाही म्हणून एकच ब्रेक करणार असाल तर पुढचा सोडून मागचा, असला विचार करू नका. दोन्ही एकाच दिवशी करा.

एबीएस आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. डबी रिकामी होऊ न देता नुसतं ऑइल बदलायचं असेल तर वरचीच पद्धत चालते, चावी बंद ठेवून. अडचण येते ती मॉड्युलेटरमध्ये हवा गेल्यावर. ती काढायला त्याचा पंप चालवावा लागतो आणि त्यासाठी सर्व्हिस सेंटरचं निदान यंत्र लागतं. म्हणून एबीएसच्या गाडीत डबीकडे दुप्पट लक्ष ठेवा.

काम झालं, पण लिव्हर मऊच

कुठेतरी बुडबुडा राहिला आहे. पुढच्या ब्रेकमध्ये तो बहुतेक वेळा वरच, मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी अडकतो, कारण हवा वर जाते आणि आपण ती खाली ढकलत असतो. होजवर आणि कॅलिपरवर ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने टकटक करा, मग डबी उघडी धरून लिव्हर फक्त अर्धा इंच, हळूहळू, वीस-पंचवीस वेळा हलवा. डबीत मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. तरीही राहिलं तर झाकण लावून लिव्हर रबराने हँडलला हलकं बांधून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा पाच-सहा दाब काढा. बुडबुडा निघण्यासाठी निपल कॅलिपरच्या सर्वांत उंच जागी असावं लागतं. तसं नसेल तर कॅलिपर सोडवून निपल वर करून धरा, मात्र पॅडच्या मध्ये पट्टी घाला, नाहीतर पिस्टन बाहेर येतो.

लिव्हर सुरुवातीला घट्ट, पण दाबून धरल्यावर हळूहळू आत सरकत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर हवा नव्हे, मास्टर सिलिंडरचं सील आतून सोडतंय.

चाक जड फिरत असेल तर निपल क्षणभर उघडून पाहा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब वर अडकलाय: ते बारीक भोक बुजलंय, डबी जास्त भरलीये किंवा होज आतून सुजलाय. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर दोष कॅलिपरचा, पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकल्यात. ही एक मिनिटाची तपासणी आहे आणि चुकीचा भाग बदलण्यापासून वाचवते.

ऑइलचा थेंब पॅडवर पडला असेल तर पॅड बदला, घासून-भाजून वापरू नका. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की पुरते.

रस्त्यावर काढण्याआधी

लिव्हर जोरात दाबून अर्धा मिनिट धरा आणि त्याच वेळी कोणाला तरी निपल आणि बँजो बोल्टपाशी ओल येते का ते पाहायला सांगा. कॅलिपर आणि निपलभोवती पाणी मारून सांडलेलं ऑइल धुवा. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहा.

होज हाताने वाकवून बघा. बारीक भेगा असतील तर ऑइलबरोबर तोही बदला. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये होजला चार वर्षं दिलेली असतात. तो बदलताना बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने एकदा चेपलेले असतात आणि गळतात.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बाटलीत बंद करून जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या, पण इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'जुनं ब्रेक ऑइल' लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मग सीटखाली चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पक्क्या पेनाने आजचा महिना, वर्ष आणि 'डॉट ४' एवढं लिहून ठेवा. गाडी विकलीत तर पुढच्या माणसालाही ते वाचता येईल.